तेल निवळेपर्यंत

मामा, तुझ्या पाइपातून अजून आवाज येतोय.

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. पंप बंद आहे, कॉम्प्रेसर बंद आहे, मेन स्विच मी स्वतःच्या हाताने खाली ओढलाय, लॅबला कुलूप आहे. आणि तरी रोज सकाळी व्हरांडा झाडायला येणारी सेल्वी सांगते की आतून 'गुळूक' असं येतं. मग बराच वेळ शांत. मग परत एकदा. पहिल्यांदा तिने ते ऐकलं तेव्हा केरसुणी तिथेच टाकून ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, सार उळ्ळे इरुक्कार." सर आत आहेत. ती घाबरली असती तर बरं झालं असतं. तू रोजच्यासारखा आलास आणि तिने मला निरोप दिला, इतक्या साध्या आवाजात ती ते बोलली.

मी तिला झापलं. भीती वाटली की मी आधी चिडते, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? "काहीतरी बडबडू नकोस, वरच्या मजल्यावरचा नळ असेल," म्हटलं. वरच्या मजल्यावर नळच नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खिडकीच्या गजांतून हात घालून तिने तुझ्या स्टुलावर कॉफीचा टंबलर ठेवला होता. संध्याकाळी तो तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. मी तो मोरीत ओतला आणि टंबलर धुऊन तिला परत दिला. तिने तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला.

इथे तमिळ मुलखातल्या कॉलेजात तू लॅबचा माणूस आणि मी शिकवणारी मॅडम. तू माझ्या आईचा सख्खा भाऊ, हे निम्म्या स्टाफला तुझ्या तिरडीपाशी कळलं. आपणच कधी सांगितलं नव्हतं. लोकांसमोर तू मला मॅडम म्हणायचास, इतक्या अदबीने की मला हसू दाबावं लागायचं. आणि जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत तुझ्या घरी, पानात उडदाच्या पिठाची डांगर पचडी वाढताना, "घे डाक्टरीणबाई, पुण्यास हे मिळत नव्हतं." पुण्यात पीएचडी करून आले, तिथे देवनागरी शिकले, तिथली मराठी घेऊन आले, याची तू आयुष्यभर चेष्टा केलीस. माझं बोलणं ऐकून म्हणायचास, ही आकाशवाणी कोणी लावली?

तो लूप तुझा. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेल्या त्या लॅबमधून वळणं घेत जाणारा आरपार दिसणारा पाइप, त्यातून काकवीसारखं दाट तेल पंपाने ढकलायचं आणि वायूऐवजी साधी हवा सोडायची. सगळा सांधा न् सांधा तू बसवलेला. दाट तेल आणि वायू एका पाइपात घातले की ते शहाण्यासारखे शेजारी शेजारी चालत नाहीत. तेलाची लाट उठते, वरच्या बाजूला टेकते, पाइप बुजतो, आणि मागची हवा त्या अख्ख्या तेलाला धक्का मारत नेते. आम्ही पुस्तकवाले त्याला स्लग म्हणतो. तू गोळा म्हणायचास. गोळा किती लांब, किती वेळाने, किती जोराने, हे आधीच सांगता यावं म्हणून माझं मॉडेल. पापनाशम गावापलीकडे शेतांतून तेलाची एक पाइपलाइन टाकायची आहे, ती टाकणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. कारण लाइनीच्या शेवटाला एक टाकी असते, ती सर्वांत मोठा गोळा पोटात घेईल एवढी पाहिजे. लहान पडली तर टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं काही खरं नाही.

तो माणूस तू पाहिला होतास. तरुणपणी तू अशाच एका लाइनीवर फिटर होतास. लाइन चार दिवस बंद राहिली होती, ती सुरू केली, आणि पहिला गोळा आला तो पाइपाला टेकूवरून उचलून घेऊन गेला. तुझा डावा कान तिथे गेला. तुझ्या शेजारी उभा असलेला माणूस घरी परत आलाच नाही. हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही दुसरीकडे बघत. तेव्हापासून तू पाइप कानाने ऐकत नव्हतास. डोळे मिटून वळणाच्या अलीकडे तळवा टेकायचास आणि तोंडाने आकडा सांगायचास. शेजारी माझा सेन्सर तोच आकडा दाखवायचा. विद्यार्थी टाळ्या वाजवायचे आणि मला उगाच राग यायचा.

आपलं भांडण अमावास्येवरून होतं, हे आता कोणाला सांगितलं तर लोक हसतील.

तू अमावास्येला आणि तिच्या आदल्या दोन दिवशी लूप चालवू द्यायचा नाहीस. किल्ली तुझ्याकडे. तमिळ मुलं बिचारी गोंधळायची. त्यांच्या घरी अमावास्या चांगली, नवी गाडीसुद्धा अमावास्या बघून घेतात. "सार, अमावासै नल्ल नाळ दाने?" चांगलाच दिवस ना तो, असं एकाने विचारलं तर तू तोंड गंभीर करून म्हणालास, "तुमच्यात असेल रे. आम्हां मराठ्यांत चालत नाही." दुसऱ्याच्या घरच्या रिवाजाला इथे कोणी हात लावत नाही. मला मात्र लाज वाटायची. इतकी वर्षं यंत्रांत घालवलेला माणूस आणि पंचांग बघून पंप लावतो. मी एकदा घरी विचारलंही, खरं सांग, का? तू लाडाने, तमिळ 'अगं' लावून म्हणालास, "तेल दमतं, डी. तेलास विसावा नको?" मी कपाळाला हात लावला.

या वेळी रिपोर्टची घाई होती. मी प्राचार्यांकडून दुसरी किल्ली काढली आणि दोन महिने तुझी अमावास्या मोडली. रोज सकाळी लूपचा एक रन, दुपारी एक रन, आलेख कसे सरळ रेषेत बसले. फक्त तुझ्या जुन्या वहीतले काही ठिपके त्या रेषेपासून लांब पडत होते. त्यांतले गोळे फार मोठे होते. माझ्या आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट. मी ते ठिपके काढून टाकले. आमच्या धंद्यात त्याला चांगलं नाव आहे, पण मी काय केलं ते सरळ सांगायचं तर मला नको असलेलं मी पुसलं.

आणि तू कच्च्या आकड्यांच्या कागदावर सही करायला नकार दिलास. लॅब सांभाळणाऱ्याची सही लागते. तू कागद परत माझ्यापुढे सरकवलास, म्हणालास, "हे दमलेल्या तेलाचं आहे. हे मी नाही सही करत." सहा विद्यार्थी उभे होते. मी काय बोलले ते तुझ्याबरोबर गेलं असतं तर बरं, पण माझ्याकडे ते शब्दन् शब्द राहिलंय. मी म्हणाले, "मग अमावास्या बघून पाइपलाइन बांधायची का? तुमच्यासारख्यांमुळे आपली लोकं पुढे जात नाहीत." तुमच्यासारख्यांमुळे. मामाला मी तुम्ही म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस, "सरी, मॅडम," बरं, मॅडम, एवढंच म्हणालास आणि तेलाने माखलेले हात पुसत बसलास.

त्या संध्याकाळी तुझ्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. बस गेली होती, दुसरा उपाय नव्हता, नाहीतर मी कसली बसतेय. मोठ्या देवळाच्या वळणावर मी मान पुढे करून म्हटलं, "चुकलं माझं, मामा." तू काहीच बोलला नाहीस. घरी येऊन जिन्यावर चप्पल काढताना माझ्या लक्षात आलं की मी डाव्या बाजूने बोलले होते. म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे तास होते. तू सकाळभर एकट्याने लूप चालवलास, पूर्ण वेगाने, मुलं सांगतात की तेल पांढरं पडेपर्यंत घुसळलंस. दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केलेस, घरी गेलास, जेवलास, आडवा झालास. आईला फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर गोळ्याचं चित्र काढत होते.

तेरावं झालं. मी कामावर आले. रिपोर्ट पाठवायचा होता आणि तुझी सही आता लागणार नव्हती, प्राचार्य म्हणाले तुम्हीच करा दोन्हीकडे. इतकं सोपं झालं होतं सगळं. जुनी वही कपाटात बंद करावी म्हणून मी सकाळी अकराच्या सुमारास लॅब उघडली.

आत तेलाचा वास होता आणि तुझ्या विड्याचा. ऊन खिडकीच्या झडपेतून तिरकं येऊन वळणाच्या अलीकडच्या पाइपावर पडलं होतं, आणि तिथे तुझा हात होता. खोटं सांगत नाही. पाच बोटं आणि तळवा, तेलकट, आरपार दिसणाऱ्या पाइपावर उमटलेला. इतक्या वर्षांत एकाच जागी हात टेकून टेकून ती जागाच तशी झाली होती. सेल्वी सगळा पाइप पुसायची, तेवढं सोडून. ऊन हललं तसा तो हात दिसेनासा झाला. मी तिथेच उभी राहिले, आणि माझ्या पाठीमागे 'गुळूक' झालं.

मी वळले नाही. मेन स्विच समोर दिसत होता, खाली होता. मी स्वतःला मोठ्याने समजावलं, अगदी वर्गात बोलते तसं, की पंपाशिवाय काही हलू शकत नाही. मग दुसरा आवाज आला. घड्याळ बघितलं. तिसरा त्याच अंतराने आला. सेन्सर मेलेला होता, आकडा दाखवायला कोणी नव्हतं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी तुझ्या जागी हात टेकला आणि डोळे मिटले. पाइप थंड होता. तळव्याखाली काहीतरी हळूच सरकत गेलं, अंगठ्याकडून करंगळीकडे. मी हात काढून घेतला आणि तुझ्या स्टुलावर बसले.

वही उघडली ती हाताला काम हवं म्हणून. तू मराठी तमिळ अक्षरांत लिहायचास, तुझ्या वयाचे सगळेच तसे. ते नुसतं डोळ्यांनी वाचता येत नाही मला, मोठ्याने उच्चारावं लागतं, तेव्हा कुठे शब्द कळतो. म्हणून त्या रिकाम्या खोलीत मी तुझी वही मोठ्याने वाचू लागले आणि माझ्याच तोंडून तू बोलायला लागलास. तुझे हेल, तुझं 'कोठे', तुझं 'कसाला'. दोनदा थांबले. नको वाटलं. पण मधेमधे पाइपात गुळूक व्हायचं आणि मी पुढे वाचायचे.

'आज मुलांनी दोन वेळ चालवलें. तेल दमलें आहे. गोळा लहान.' पुढच्या पानावर तेच. मग: 'अमावास्या झाली. तीन दिवस विसावलें. तेल निवळलें. गोळा मोठा.' पुढच्या महिन्यात पुन्हा 'तेल निवळलें. गोळा मोठा.' मी माझा लॅपटॉप काढला आणि पुसलेले ठिपके परत आणले. एकूण एक ठिपका अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाचा होता. आणि शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: 'विसावा द्या म्हटलें तर कोणी ऐकत नाहीं. अमावास्या म्हटलें तर ऐकतात. चालेल.'

चालेल म्हणे. अरे, मला तरी सांगायचं होतंस नीट.

सांगितलंच होतंस म्हणा. तेल दमतं म्हणालास, मी कपाळाला हात लावला. एवढ्या दाट तेलात घुसळलेली हवा बारीक बारीक बुडबुडे होऊन अडकून बसते, ते वर यायला दिवस लागतात, आणि तसं फेसाळलेलं तेल पाइपात वेगळं वागतं, लहान लहान गोळे करतं. हे मी परीक्षेत विचारते. माझे सगळे रन त्या फेसाळ तेलाचे होते. आणि खरी लाइन चार दिवस बंद राहते तेव्हा आतलं तेल निवळतं, आणि पुन्हा सुरू झाली की पहिला गोळा मोठा येतो. तुझा कान घेऊन गेला तो. अमावास्या पाळून तू दर महिन्याला तेवढाच एक गोळा मोजत होतास, आणि मी पुण्याची विद्वान, तुला अंधश्रद्धाळू ठरवून मोकळी. तमिळ मुलांनी तुझा रिवाज मान खाली घालून पाळला. घरचीच म्हणून मी तो मोडला.

आवाजही मग कळला. शेवटच्या सकाळी तू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घुसळलेली हवा, बाहेर पडायला वाट नसल्याने, तीन दिवसांत न निवळता अजून त्या बंद पाइपात होती. बारीक बुडबुडे वर चढत होते, एकमेकांत मिसळत होते, चढाच्या बाजूने सरकत वळणाशी येत होते आणि पुरेसे जमले की वळण ओलांडत होते. गुळूक. एवढंच होतं. हिशेब करून पाहिला, बसतो. मला हायसं वाटायला हवं होतं.

पण कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड तुझ्या स्टुलाला लागून आहे, मामा. मी स्टुलावर बसले होते तेव्हा ते तोंड माझ्या उजव्या गुडघ्याशी होतं. तू त्या सकाळी तीन तास इथे बसून श्वास घेत होतास आणि सोडत होतास, आणि ते यंत्र शेजारून ओढत होतं. माझ्या तळव्याखालून जे सरकत गेलं तो तुझा श्वास होता. सेल्वीचं काही चुकलं नव्हतं. मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि रडले. ती शेजारी येऊन बसली.

हे तुला सांगायला घेतलं त्या दिवसापासून मी रोज जायला लागले, कुलूप उघडून, दिवसाउजेडी, तुझ्या स्टुलावर. दोन आवाजांतलं अंतर वाढत चाललं होतं. मला ते संपायला हवं होतं, कारण निवळलेल्या तेलावर रन घेतल्याशिवाय रिपोर्ट दुरुस्त होणार नव्हता, आणि ते संपायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी हवं असणं किती थकवतं. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, आकडे आहेत तर पाठवत का नाही? मी म्हटलं, आमच्या घरात सुतक आहे आणि पुढे अमावास्या येतेय, आम्हां मराठ्यांत चालत नाही. त्यांनी हात जोडले आणि गेले. तुझी युक्ती चालते.

काल अमावास्या होती. आईने सकाळीच विचारलं, "लॅब बंद ठेविलीस ना आज?" मी हो म्हटलं. तिने तुझ्या नावाने अंबट भाजी केली होती, नेहमीसारखीच जास्त आंबट.

आज मी तासभर पाइपावर हात ठेवून बसले. काही आलं नाही. तेल आरपार दिसत होतं, मधासारखं, पलीकडची खिडकीसुद्धा त्यातून दिसत होती. इतकी शांत ती खोली मी कधी ऐकली नव्हती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिथे खरी भीती वाटली. कारण आता आत खरोखर कोणी नव्हतं. वहीत तारीख टाकली. तमिळ अक्षरांत, चुकत माकत लिहिलं: तेल निवळलें.

व्हॉल्व्ह उघडले. मेन स्विच वर ढकलला, पंप आणि कॉम्प्रेसर लावला. तुझ्या हाताच्या जागी हात टेकला आणि डोळे मिटले. बराच वेळ नुसतं तेल वाहत राहिलं, मला वाटलं येतच नाही. मग पाइप थरथरला आणि गोळा आला. माझा हात उडाला, मामा. मनगट अजून ठणकतंय. वहीत तू लिहिला होतास तेवढाच. त्या टाकीपाशी जो कोणी उभा राहणार आहे त्याला हे कधी कळणार नाही, पण मी पाठवणार होते त्या आकड्यांनी त्याला मारलं असतं. जुने आकडे मी रद्द केले आहेत. टाकी दुप्पट मोठी सांगितली आहे. कागदावर तुझं नाव आधी आहे.

एवढं करून मी पुन्हा स्टुलावर येऊन बसले. कॉम्प्रेसर चालूच होता, गुडघ्याशी हवा ओढत होता. मी खाली वाकले, त्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "चुकलं माझं, मामा." यंत्राच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. पण बोलले ते आत गेलं. मग मी दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले, मेन स्विच खाली ओढला आणि कुलूप लावलं. उद्या सकाळी सेल्वीला आवाज आला तर सांगीन, मी आहे.